बुजवलेला झरोका

शेंदूरजनाघाटच्या वामनरावांच्या न्हाणीघरात टाइल्सवर धबधब्याचं चित्र आहे, तोट्यांना सोनेरी मुलामा आहे, आणि हवा जायला ठेवलेला एकुलता एक झरोका संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने बुजवलेला आहे. गॅस गिझर दुरुस्त करत मी बावीस वर्षं अमरावतीहून या पट्ट्यात फिरतो. माणसाची अक्कल मी झरोक्यावरून मोजतो. अजून फसलेलो नाही.

"गरमी बाहेर जाते न मंग," वामनराव म्हणाले. "आमची माल पिकवाची खोली अशीच पॅक रायते. तुमी गिझर पाहा, भिंत नका पाहू."

त्यांची सून चंदा, सहावा महिना चालू असलेली, त्या आठवड्यात या न्हाणीत दोनदा चक्कर येऊन पडली होती. नवरा किशोर नांदगाव पेठेला कापड कारखान्यात. तो शनिवारी उगवणार. तोवर चक्कर म्हणजे सुनेचा आळस, असा सासऱ्यांचा निकाल लागलेला होता.

"बंद खोलीत गिझर पेटला की विषारी वायू साठतो," मी सांगितलं. "वास नाही, रंग नाही. तिसऱ्यांदा पडली तर ती उठायची नाही."

"आमच्या मायनं अकरा लेकरं काढली. ते नाई पडली कधी."

तुमच्या मायकडे गिझर नव्हता, हे मी बोललो नाही. अशा माणसांशी वाद घालण्यापेक्षा पाना चालवावा.

गॅस बंद केला, सेल काढले, झाकण उतरवलं. तांब्याच्या पात्यांत काजळीचा थर होता. बर्नर ब्रशने घासला. पाण्याच्या जाळीवरचा क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून काढला. नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती पाहिली, नव्हती. पुठ्ठा ओढून फेकला. गिझर पेटवला, ज्योत स्वच्छ निळी. बंद केला. इथे माझं काम जवळपास संपतं.

शेवटी मी एक उदबत्ती पेटवतो आणि बाहेरच्या अंगाने झरोक्याशी धरतो. धूर कुठे जातो त्यावरून हवा खेळते की नाही ते कळतं.

धूर बाहेर ढकलला गेला. ठीक. मग आत ओढला गेला. मग पुन्हा बाहेर.

सकाळचे नऊ वाजले होते. वारा नव्हता, दोरीवरचं लुगडं जागचं हललं नव्हतं. न्हाणीचं दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. गिझर बंद, आत कोणी नाही. धूर आत, धूर बाहेर. घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला पंधरा. तीनदा मोजलं, तीनदा पंधरा. त्याच घड्याळावर मी स्वतःचा श्वासही मोजला. तो बावीस भरला.

"मिस्त्री, आरती संपली का?" वामनराव हसले. "का नारय आणू?"

"चंदाला इथे न्हाऊ देऊ नका."

"काहून?"

मला कारण सांगता येईना. आणि कारणाशिवाय बोलणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली आहे.

चंदा घराच्या दाराआडून म्हणाली, "मामाजी, अंगणात चुलीवर पाणी ठेवू का?"

"वामनरावाच्या घरी आता चूल पेटन? शेजारी हासतीन." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मीच आंघोय करून दाखवतो. मंग तुले जा लागन."

आतून कडी लागली. पाणी पडू लागलं, बर्नरने भक्कन पेट घेतला. वामनराव गुणगुणत होते. मी झरोक्याशीच उभा होतो.

धूर बाहेर आला.

आत गेला.

बाहेर येईना.

मी चाळीसपर्यंत मोजलं. गुणगुणणं थांबलं होतं.

"वामनराव?"

नुसतं पाणी.

मग धूर बाहेर आला. सावकाश, जेवून उठलेल्या माणसासारखा.

कडी वाजली. वामनराव बाहेर आले, धडधाकट, अंग लालबुंद. मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

"पाहा. मेलो का मी?" ते वीतभर अंतरावर येऊन उभे राहिले. उदबत्ती अजून माझ्या हातात होती. "तुमी मिस्त्री लोकं पयले भेव घालता मंग काम काढता मायी सून आधीच भितरी तिच्या डोक्यात आता तुमी भूत भरून राहिले..."

बोलणं थांबेना. ते बोलत होते आणि त्यांच्या ओठांसमोर उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, ओळंब्याच्या दोरीसारखा.

चंदाने तो पाहिला.

"चाल, न्हाऊन घे," ते तिला म्हणाले.

ती न्हाणीपाशी गेली. बाहेरून कडी घातली, ओढून पाहिली. मग अंगणात जाऊन चुलीसाठी तीन विटा मांडू लागली.

वामनराव तिच्यामागे उभे राहून बोलतच होते, एकदाही मधे दम न घेता.