शून्यरावांचं शेवटचं गाणं

टेबलावर दातांच्या सहा कवळ्या ओळीने हसत होत्या आणि त्या घडवणारा खाली फरशीवर पालथा पडला होता.

दंतवैद्याचा माणूस कवळ्या न्यायला आला, दार नुसतंच लोटलेलं होतं, आणि आत हे दृश्य. डोक्यात घाव होता पितळी साच्याचा. साचा शेजारीच पडलेला, पुसून स्वच्छ केलेला. कवळ्यांचे दात घासायची मोटर अजून घरघरत होती.

इन्स्पेक्टरबाईंनी आधी ती मोटर बंद केली. बाईंना आवाजाचा मनस्वी राग. गाण्यातलं तर त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि याचा त्यांना अभिमानच होता. त्यांचे हवालदार मात्र नखशिखांत गाणंवेडे. त्यामुळे या दोघांचं कधी धड जमलं नाही.

"मॅडम, हे बघा," हवालदार संगणकापाशी वाकून म्हणाले. "'दहापैकी' उघडलेलं आहे."

"दहापैकी काय?"

"साइट आहे. अनोळखी माणसं आपापलं आवडतं गाणं इथे टाकतात. सकाळी टाकून ठेवायचं, रविवारी पाचच्या ठोक्याला ते आपोआप उघडतं. मग बाकीच्यांनी दहापैकी गुण द्यायचे आणि एक ओळ लिहायची. एकदा लिहिलं की पुसता येत नाही, बदलता येत नाही. लोक शिव्या घालून नंतर पुसायचे, म्हणून हा नियम. आणि मॅडम, हा मेलेला माणूस म्हणजे खुद्द शून्यराव!"

"कोण शून्यराव?"

"इथला कर्दनकाळ. आजवर कुणाला शून्याच्या वर गुण दिले नाहीत."

हवालदारांनी शून्यरावांचे जुने शेरे वाचून दाखवले. 'कोरा कागद' नावाच्या माणसाला: "गाणं आहे की दातदुखी?" 'उंबरठा'ला: "तुमच्या कानांची दुरुस्ती होते का कुठे?" 'मधली सुट्टी'ला: "या गाण्यावर जीव टाकणाऱ्याबरोबर जी राहत असेल, ती एव्हाना सुटली असेल बिचारी."

"याला कुणीही मारलं असतं," बाई म्हणाल्या. "आजचं गाणं कुठलं?"

"'परतीची नाव'. जुनं सिनेमातलं. सगळ्यांना पाठ आहे. पहिल्यांदाच यांनी स्वतःचं आवडतं गाणं टाकलं, तेव्हा लोक टपूनच बसले होते. हा सगळ्यात आधीचा शेरा मधली सुट्टीचा. 'बासरी तेवढी बरी, बाकी रडगाणं. चार.' मग कोरा कागद. 'कान धुऊन घ्यावे लागले. एक.' उंबरठा म्हणतो, 'ही तुमची आवड? कळलं तुमचं पाणी. शून्य.' लावू का गाणं?"

"हवालदार, इथे प्रेत पडलंय. गाणी कसली लावता?"

हवालदारांनी हात मागे घेतला. ही चूक बाईंची, आणि ती पुढे त्यांना चांगलीच झोंबली.

*

संशय लेकीवर जायला वेळ लागला नाही. बापलेकीची जुनी भांडणं अख्ख्या इमारतीला ठाऊक होती, आणि रविवारीही वरून तिचा चढलेला आवाज आला होता; नेमका किती वाजता, ते कुणाला सांगता येईना. लेक शाळेत गणित शिकवायची, दुसरीकडे एकटी राहायची. बापाने तिला ठेवलेलं नाव छकुली. आता तिशीतल्या त्या बाईच्या चेहऱ्याला ते मुळीच शोभत नव्हतं.

"वडिलांकडे कशाला गेला होता?"

"त्यांनी बोलावलं. सहा वर्षांत पहिल्यांदा."

"आणि जाऊन भांडलात?"

"गेल्या गेल्या म्हणाले, पाच वाजता एक गाणं आहे, ते बसून ऐक, मग बोलू. मी म्हटलं, तुमचं मला काही ऐकायचं नाही. आयुष्यभर मी तुमचंच ऐकत आले."

"एवढा कसला राग?"

तिने बाईंकडे रोखून पाहिलं. "मी बारा वर्षांची असताना घरी पाहुणे आले होते. बाबांनी मला गायला लावलं. टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. गाणं संपल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, दहापैकी दोन. सगळे हसले. त्यानंतर मी गायले नाही. तुम्हाला हे फारच किरकोळ वाटत असेल."

"मला काय वाटतं ते सोडा. किती वाजता निघालात?"

"पाचच्या बऱ्याच आधी."

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"म्हणजे तुमच्या शब्दाशिवाय काही नाही."

"माझ्या शब्दाला या घरात कधीच किंमत नव्हती," ती म्हणाली. "तुमच्याकडे तरी कशाला असेल?"

बाईंना ती आवडली नाही. तोंडाळ माणसं त्यांना आवडत नसत, कारण त्या स्वतः तशाच होत्या.

इमारतीच्या तळमजल्यावर औषधांचं दुकान होतं. दुकानदार सगळ्यांचे काका. वरच्या कवळीवाल्याशी त्यांची वीस वर्षांची दोस्ती. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. दुकानामागच्या खोलीत तिचा फोटो, फोटोखाली तिचा चष्मा, पुसून लख्ख ठेवलेला. काकांचे डोळे रडून सुजले होते.

"काल तुम्ही कुठे होता?"

"इथेच. रविवारी दुपारी दुकान बंद असतं. मी गाण्याची वाट बघत बसलो होतो. आम्ही दोघंही 'दहापैकी'वर असतो ना. मी तिथला मधली सुट्टी."

"त्यांनी तुम्हाला वाईट शेरा दिला होता. बायकोवरून."

"त्याला काय माहीत, तो मला देतोय म्हणून? आम्हाला एकमेकांची तिथली नावं ठाऊक नव्हती. पुढे कळलं तेव्हा पोट धरून हसलो दोघं." काका हसले नाहीत. "मनावर कोण घेतं हो?"

"वरचं भांडण ऐकू आलं?"

काकांनी मान खाली घातली. "पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढली, मॅडम. तिच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. पण विचारताय म्हणून सांगतो. पाचला गाणं उघडलं, तोवर तिचा आवाज येत होता. मग मी इयरफोन घातले, गाणं ऐकलं, गुण दिले. तुम्ही बघू शकता, पाच वाजून गेल्या गेल्या माझे गुण आहेत. पुढचं मला माहीत नाही."

त्यांच्या या वाक्यांनी छकुली पुरती अडकली. डॉक्टरांच्या मते मृत्यू पाचच्या आसपासचा.

साहेबांचा फोन आला. "लेकीला आत घ्या आणि मोकळ्या व्हा. कशाला घोळ घालताय?"

"संध्याकाळपर्यंत कागद करते, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उघडलं, तारीख घातली आणि थांबल्या. सहा वर्षं न बोललेल्या लेकीला बोलावून हा माणूस ऐकवणार काय होता? सगळ्यांना पाठ असलेलं सिनेमातलं गाणं?

"हवालदार," त्या जरा नरमाईने म्हणाल्या, "ते गाणं लावा बरं."

हवालदारांनी लगेच लावलं. 'आधीच म्हणत होतो', असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

बाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा ऐकलं.

"काकांना जबाबावर सही करायला बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि लेकीलाही इथेच बसवा."

*

काका आले. छकुली समोर बसलेली पाहून त्यांनी डोळे टिपले. ती त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हती.

"सहीआधी एकच," बाई म्हणाल्या. "कालचं गाणं पूर्ण ऐकलंत?"

"हो, पूर्ण."

"कसं होतं?"

"होतं तसंच. सुरुवातीला ती लांबलचक बासरी, मग त्या गायकाचा जड आवाज. बासरी तेवढी चांगली, म्हणून चार दिले."

"इयरफोनवर ऐकलंत. म्हणजे नीट ऐकलंत."

"अर्थात."

बाईंनी स्वतःच्या हाताने गाणं लावलं.

आधी घरघर आली, दात घासायच्या मोटरची. मग जुन्या टेपवरचा एक पुरुषी आवाज: "हं, म्हण." आणि मग एक लहान मुलगी 'परतीची नाव' म्हणू लागली. पेटी नाही, तबला नाही, बासरी तर नावालाही नाही. आवाज कापत होता, वरच्या पट्टीत चिरकत होता.

छकुलीच्या हातातला पाण्याचा पेला टेबलावर कलंडला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "ही... ही तर आपली छकुली."

"ओळखलंत ना? काल ऐकलं असतंत तर कालच ओळखलं असतंत." बाईंनी गाणं थांबवलं. "काका, ज्या कुणी गाणं खरंच लावलं, त्यांनी कान धुतले, शिव्या दिल्या. बासरी फक्त तुम्हाला ऐकू आली. कारण तुम्ही गाणं लावलंच नाहीत. नाव वाचलंत, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं आठवलंत आणि गुण ठोकलेत. मी खाली बसून ऐकत होतो, हे दाखवायला. नंतर चूक कळली असती तरी पुसता आली नसती."

"मी... घाईत..."

"घाई कसली होती? सांगते. ही भांडून गेली, मग तुम्ही दोस्ताची समजूत घालायला वर गेलात. तो संगणकापाशी होता आणि पडद्यावर नाव होतं शून्यराव. नावं आधीच कळली होती आणि तुम्ही हसलात, हे खोटं. तुम्हाला कालच कळलं. तुम्ही पूर्वी टाकलेलं गाणं बायकोच्या आवडीचं होतं, ज्यावर त्याने 'सुटली बिचारी' लिहिलं. बरोबर?"

काकांचा आवाज अचानक चढला.

"तो शेरा मी त्यालाच दाखवला होता! त्याच्याच खोलीत बसून रडलो होतो, मॅडम. तेव्हा तो खाली बघून कवळी घासत राहिला. चकार शब्द बोलला नाही. काल विचारलं, तर म्हणाला, गंमत असते रे ती, मनावर काय घेतोस! साचा हाताशीच होता."

"आणि मग साचा पुसलात, खाली आलात आणि सगळं खापर हिच्यावर फोडलंत. भांडण पाचपर्यंत चाललं होतं म्हणे! ही केव्हाच गेली होती."

"छकुले," काका हात जोडून म्हणाले, "माझी मती फिरली होती गं."

"काका," ती पहिल्यांदाच बोलली, "खोकला झाला की तुम्ही मला गोळ्या द्यायचात. गाणं बिघडेल म्हणून. आणि मला फासावर चढवायला निघालात?"

हवालदारांनी काकांना दंडाला धरून नेलं.

छकुली उठली. "मी जाऊ?"

"बसा. गाणं संपलेलं नाही."

"मला नाही ऐकायचं. लोकांनी एक नि शून्य गुण दिलेत, पडद्यावर वाचलंय मी."

"त्यातल्या एकानेही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मी ऐकलंय," बाई म्हणाल्या आणि गाणं पुढे सुरू केलं.

मुलगी शेवटची ओळ म्हणून थांबली. तोच पुरुषी आवाज तोऱ्यात म्हणाला, "दहापैकी दोन!" हशा पिकला. मग टेप बंद केल्याचं खट्ट झालं, आणि तोच आवाज, आता म्हातारा, थकलेला, मोटरच्या घरघरीतून बोलला:

"छकुले, तू समोर बसली असशील म्हणून सांगतो. तेव्हा माझं चुकलं. नंतर जगाला शून्य देत बसलो, पण मला आवडलेलं गाणं हे एकच. दिलेले गुण परत घेता येत नाहीत. तरी घेतो. दहा."

मोटर घरघरत राहिली.

"मी थांबले असते," छकुली म्हणाली, "तर काका वर आले नसते."

आवाजाचा एवढा राग असलेल्या इन्स्पेक्टरबाईंनी ती घरघर बंद करायला हातसुद्धा पुढे केला नाही. ती आपोआप संपेपर्यंत दोघी बसून राहिल्या.