दुपारचं खडाक

"चूप! कोनी श्वास बी घेऊ नका!" चालत्या जीपमध्ये अर्धवट उभी राहून रुपा ओरडली.

"श्वास नाई घेतला त मरू ना आपन!" देवला म्हणाला. हा रुपाचा दहा वर्षांचा भाऊ. त्याच्या एका गालात गूळ होता आणि दुसऱ्या गालात बडबड.

जीप खड्ड्यात गेली. खडाक!

"आला! पुढून, डाव्या चाकाजवळून!" रुपाने वहीत खरडलं: 'दुपारचे दोन. खडाक.'

उन्हाळ्याच्या सुट्टीत नर्स ललिताबाई धनजच्या आसपासच्या वस्त्यांवर देवीची लस टोचत फिरायच्या. सातवीत पहिली आलेली रुपा पोरांची नावं लिहायला त्यांच्यासोबत असायची. सोबत देवला, आणि सुट्टीत धनजला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, आलेली रुपाची मैत्रीण अन्वरी. अन्वरीचे अब्बा म्हणजे कारंज्याचे बदरुद्दीन मिस्त्री. त्यामुळे गाड्यांबद्दल कुणी 'अ' म्हटलं की अन्वरी 'ज्ञ'पर्यंत सांगून मोकळी व्हायची!

"दोनदा कारंज्याले नेली," ड्रायव्हर लालसिंगकाका चाक फिरवत कुरकुरले. "मिस्त्री म्हनते, गाडी ठीक हाय, तुमचे कान बिघडले!"

"माझ्या अब्बांच्या नावानं ओरडू नका हं काका!" अन्वरी फणकारली. "त्यांच्यासमोर गाडी आवाजच नाई करत, त ते काय करतीन?"

"मंग गाडी काय त्याइले लाजते?"

सगळे हसले. ललिताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "अकोल्याच्या कचेरीतून पत्र आलंय. शनिवारपर्यंत आवाज गेला नाही, तर जीप परत पाठवायची. मग आपण आणि आपली बैलबंडी."

रुपाने वही मिटली. गेल्या वर्षी तिची याडी, म्हणजे आई, बाळंतपणात अडली होती. तांड्यावरून बंडी निघाली, बाईंना घेऊन परत येईपर्यंत दुपार कलली. तोवर बाळ गेलं होतं. याडी दोन महिने कुणाशी बोलली नाही. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते. जीप जायची म्हणजे काय, हे रुपाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"शनिवारच्या आत शोधून काढतो!" ती एकदम बोलून गेली.

"कोन, तू?" लालसिंगकाकांनी मागे वळून पाहिलं.

"आमी!" तिघंही एका सुरात ओरडले.

संध्याकाळी खालाच्या ओसरीवर रुपाने वही उघडली. चार दिवसांच्या नोंदी पाहता पाहता ती ताडकन उठली. "अन्वरी, पाह्य! सकाळी एकबी खडाक नाई. बारानंतर सुरू. तीन वाजता सगळ्यात जास्त!"

"गाडीले ऊन लागत असन!" देवला खिदळला.

"हो, कांदा बांधू तिच्या कपाळाले," अन्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, ते नदीच्या डोहावर गेले. लालसिंगकाकांची जीप रोजच्यासारखी म्हशीसारखी पाण्यात बसली होती. पुढची चाकं पार बुडालेली. काका तासभर अंघोळ करायचे आणि तोवर गाडीही भिजायची. शेजारी कुणीतरी बंडीची दोन चाकं पाण्यात टाकली होती.

"चाकं कायले बुडवतेत गं?" अन्वरीने विचारलं. ती शहरगावची!

"एवढं बी माहीत नाई? उन्हानं लाकूड आकसते, मंग भोवतीची लोखंडी धाव ढिली होते. पान्यात ठेवलं की लाकूड फुगते अन् धाव..." रुपा बोलता बोलता थांबली. तिने चाकांकडे पाहिलं. मग जीपकडे. मग पुन्हा चाकांकडे.

"अन्वरी! जीपमध्ये लाकूड कुठं असते?"

"वेडी का? खाली सगळं लोखंडच असते!"

"मंग ती पान्यातून निघाली की चूप, अन् वाळली की खडाक, असं काहून?"

अन्वरीचा आ वासला तो मिटेचना. त्यात देवलाने गुळाचा खडा टाकून पाहिला!

गुरुवारी सकाळी जीप डोहातून बाहेर आली आणि काका चहाला गेले. त्यासरशी दोघी गाडीखाली सरकल्या. अन्वरीने एकावर एक रचलेले पोलादी पाटे दाखवले. "ही कमान. हिच्यावर गाडीचा भार. हे वाकडे बोल्ट तिले खालच्या आसाशी आवळून धरतेत." डाव्या बाजूला कमान आणि आस यांच्यामध्ये चिखलाचा जाड थर होता. त्याखाली काय आहे, ते दिसेना.

"इथं रेघ मारू," रुपा म्हणाली. "कमानीवरून सरळ खाली आसावर. कमान हालली त रेघ तुटन!"

"रेघ मारशीन कायनं?"

देवलाने मूठ उघडली. लालसिंगकाकांची तंबाखूची चुन्याची डबी! ओढणीने लोखंड पुसून रुपाने पांढरीशुभ्र रेघ ओढली.

दुपारी तीनला पाहिलं, तर वरची रेघ एकीकडे आणि खालची दुसरीकडे! चांगली बोटभर सरकलेली!

"काका, बाईइनं उद्या शेवटचं मिस्त्रीकडे न्याले सांगितलं ना, त जाताना गाडी धुऊ नका," रुपाने विनवलं.

"चिखलाची गाडी नेऊ दुसऱ्याच्या दारी? लोक काय म्हनतीन? अन् जीप म्हंजे काय बैलबंडी हाय? मिस्त्रीनं पाना लावून पाह्यला, बोल्ट घट्ट हायेत! जाय, चिंचा खाय!"

काका ऐकेनात, तर ऐकणाऱ्यांकडे जायला हवं होतं. तांड्यात अशा एकवीस जणी होत्या.

शुक्रवारी सकाळी लालसिंगकाका डोहावर आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. डोहभर म्हशी! शिंगाला शिंग, पाठीला पाठ. काठावर देवला दात काढून बसलेला.

"काढ त्या बाहेर!"

"उठतच नाईत ना काका! तुमीच सांगून पाहा."

काकांनी हाकारलं, काठी आपटली, पाणी उडवलं. एका म्हशीने शेपटीचा फटकारा असा मारला की त्यांची अंघोळ तिथेच झाली! ऊन चढलं. शेवटी कोरडीच जीप घेऊन ते निघाले. ललिताबाई पुढे, तिघं मागे. कारंज्याच्या वेशीपर्यंत जीप वीसदा खडाडली, आणि प्रत्येक खडाकला रुपा गालात हसली.

मिस्त्रींच्या दारातल्या नालीवरून चाक गेलं. खडाक!

बदरुद्दीन मिस्त्री हातातला पाना टाकून धावत आले. "अरे! ये तो सचमुच बोलती है!"

"अब्बा, डाव्या कमानीखाली पाहा! आमी रेघ मारली हाय!" अन्वरी नाचत म्हणाली.

मिस्त्री खाली सरकले. चुन्याच्या तुटक्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं, चिखल खरवडला. बोल्ट हातानेच फिरला! त्यांनी गाडीला टेकू दिला, बोल्ट सोडले आणि आतून एक काळपट तुकडा ओढून काढला. बाभळीचा ठोकळा!

"लकडी? जीपमध्ये?"

सगळ्यांच्या नजरा लालसिंगकाकांकडे वळल्या. काकांचा चेहरा ठोकळ्याहून काळा पडला. "अरे बाप्पा! गेल्या पोळ्याले नाल्यात मधली पट्टी तुटून पडली. नानाजी सुतारानं दोन दिवसापुरता हा बसवून देला होता. मी साफ इसरलो!"

"तुम्ही विसरलात, आणि मी भिजलेल्या फुगलेल्या लाकडावरचे बोल्ट तपासत बसलो!" मिस्त्रींनी स्वतःचे कान पकडले. "एखाद्या दिवशी हा निसटला असता, तर चाक फिरून गाडी नाल्यात गेली असती. सगळ्यांसकट!"

ललिताबाईंनी रुपाला जवळ ओढलं.

मिस्त्रींनी लोखंडी पट्टी कापून घातली, नवे बोल्ट आवळले. परतताना काकांनी मुद्दाम सगळ्यात वाईट खड्डे निवडले. सगळे कान टवकारून बसले होते. खडाक नाही! देवलासुद्धा चूप! आणि मग अशी आरोळी उठली की रस्त्याकडेचे बगळे उडाले.

धनजच्या फाट्यावर रुपाचे बाबा धावत येताना दिसले. "बाई! रुपाच्या याडीले कळा सुरू झाल्या!"

ललिताबाईंनी पेटी मांडीवर घेतली. जीप वळली आणि नाला, दगड, चढण ओलांडत अर्ध्या घटकेत तांड्यावर पोचली.

रुपा झोपडीबाहेर गुडघ्यात तोंड घालून बसली. अन्वरीने तिचा हात घट्ट धरून ठेवला. सूर्य टेकला, तेव्हा आतून एक कोवळी, चिडखोर किंकाळी आली.

"पोरगी हाय!" ललिताबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा घामाने आणि हसण्याने चमकत होता. "दोघी खुशाल! कुणामुळे, ते मी अकोल्याला लिहिणार आहे. नावानिशी!"

लालसिंगकाका डोकं खाजवत पुढे आले. "रुपे, उद्यापासून गाडी धुवाच्या आधी तुले इचारीन. अन् म्हशीइले बी!"

रुपा आत गेली. याडीच्या कुशीत लाल लाल मूठभर बहीण होती. याडीने थकल्या हाताने रुपाच्या केसांतून बोटं फिरवली.

"गाडी कवा आली गं?" तिने हळूच विचारलं. "मी दुपारपासून कान देऊन पडली होती. म्हनलं, खडाक ऐकू आलं की समजू, बाई आल्या. पन आवाज आलाच नाई, अन् बाई एकदम दारात!"

रुपाला हसू आलं आणि रडूही. तिने याडीच्या गालाला गाल लावला.

"तेच त केलं ना याडी आमी, चार दिवस!"