खाडीवरची निळी पट्टी

“मिंचे, तुझे तेते कुठायत गं? हातात काठी, डोक्याला लाल रुमाल, मागे ढोल! आंबोन शहरापासून नऊ तास हेच ऐकवत आणलंस आम्हाला!” धक्क्यावर उडी मारता मारता ओसे ओरडला.

मिंचेने गर्दीवरून नजर फिरवली. तेते, म्हणजे तिचे आजोबा, गर्दीच्या मागे नारळाला टेकून उभे होते. डोक्याला रुमाल नव्हता. आणि हातात काठीही नव्हती.

पूर्वेचा वारा सुटला होता, आभाळ खाली आलं होतं आणि सकाळपासून भुरभुर थांबली नव्हती. सातवीच्या चौदा मुलांना घेऊन सोफीबाई पुढे गेल्या. प्रत्येकाच्या खिशात आठवड्याच्या सहलीचा कागद होता: मंगळवारी जंगल आणि खाडी, बुधवारी डचांचा किल्ला, गुरुवारी लवंगांची राई, शुक्रवारी नाच आणि पाककला, रविवारी परतीची बोट. तो छापला होता ओम फ्रेत्सने; ओम म्हणजे काका. गावातलं पाहुणेघर त्याचंच. सहली भरवणं, स्वागत करणं, फोटो काढणं, सगळं तोच करायचा, आणि सगळं घाईघाईत करायचा.

मिंचेला बाईंनी आजोबांकडे राहायची परवानगी दिली होती. सोबतीला ओसे आणि सेली होतेच. सेली कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची.

घरी पोचल्यावर मिंचेने विचारलं, “तेते, काठी कुठाय?”

“बापा राजांकडे जमा आहे.” बापा राजा म्हणजे गावचे मुखिया. तेतेंनी चुलीत लाकूड सारलं. “खाडी रिकामी झाली, पोरी. दोन वर्षं राखली, आणि गेल्या महिन्यात एका दिवसात रिकामी झाली.”

तेते गावचे केवांग होते, समुद्राचे आणि जंगलाचे राखणदार. खाडीवर सासी, म्हणजे गावाची बंदी, लागली होती. दोन्ही टोकांना खांब उभे करायचे, त्यांना नारळाचं कोवळं झाप बांधायचं, की झाप असेपर्यंत खाडीतला एक शंख कोणी उचलायचा नाही. मग तो बापा राजा का असेना! लोला नावाचे ते मोठे शंख पुढच्या वर्षी निघणार होते आणि त्यांच्या पैशांतून शाळेवर नवं छप्पर येणार होतं.

“कोणी नेले?”

“मीच गुपचूप विकले म्हणतात. राखणदाराशिवाय एवढी हिंमत कोण करणार, म्हणतात.” तेते खोकले. “शनिवारी बैठक आहे. काठी कायमची गेली, तर या घरातलं कोणीही पुन्हा केवांग होत नाही. माझ्या आजोबांपासून होती ती.”

पापेदाचा, म्हणजे सागूच्या पिठाचा, चिकट गोळा माशाच्या पिवळ्या रश्शात तसाच निवत राहिला. मिंचेने जिची एवढी फुशारकी मारली, ती काठीच नव्हती!

मंगळवारी वर्ग जंगलातून खाडीवर उतरला. झाडांवर उलटी लटकलेली मोठी वटवाघळं भिजून चिडली होती. “आमच्या वर्गातही तीन-चार अशी आहेत,” ओसे म्हणाला, पण कोणी हसलं नाही.

मिंचे दोन्ही खांब बघून आली आणि धावत परतली.

“सेली, ओसे, इकडे या! पूर्वेच्या खांबावर झाप निळ्या पट्टीने बांधलंय. पश्चिमेच्या खांबावर चक्क प्लास्टिकची दोरी!”

“मग? पट्टी संपली असेल.”

“संपली नाही! नेने, माझी आजी, गेली ना, तेव्हापासून तेते तिच्या निळ्या चौकड्यांच्या सारोंगची, नेसायच्या लुंगीची, पट्टी फाडूनच झाप बांधतात. दुसऱ्या कशाने बांधतच नाहीत. ट्रंकेत अजून एक पट्टी आहे, मी काल पाहिली.”

सेली डोळे बारीक करून म्हणाली, “म्हणजे हे झाप तुझ्या तेतेंनी बांधलेलंच नाही.”

“पण गावातल्या कोणालाच हे कसं दिसलं नाही?”

“झाप दिसलं, बास! दोरी बघायला कोण जातंय?” ओसे म्हणाला. “आणि तेतेंना तर खाडीवर यायलाच बंदी घातलीय. चौकशी करणारे शहाणे!”

बुधवारी किल्ला होता. गावातला माणूस समुद्राकडच्या भिंतीपाशी कधी फिरकत नाही. डचांनी लवंगांची झाडं तोडायला लावली तेव्हा ज्यांनी कुऱ्हाड उचलली नाही, त्यांना तिथून खाली लोटलं होतं. सोफीबाईंनी हे सांगितलं आणि त्यांचाच आवाज बसला. दगडांतून पाणी पाझरत होतं. मुलं खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

“शी! कसला घाण वास!” ओसेने नाक दाबलं. “बाई, काहीतरी सडलंय इथे!”

भिंतीच्या पायथ्याशी एक सपाट काळा दगड होता. त्यावर वेताची टोपली होती, आणि टोपलीत लोला! एकेक तळहातापेक्षा मोठा, आतलं मांस पार कुजलेलं.

“चोरीचा माल सापडला!” ओसे नाचायला लागला.

मिंचे मात्र पांढरी पडली होती. “हा वाट्याचा दगड आहे. किल्ल्याच्याही आधीचा! समोरच्या बेटावरचं गाव आमचं भाऊगाव. खाडी खुली असेल तेव्हा त्यांनी आमच्याकडे शंख काढायचे, आमच्या लोकांनी त्यांच्याकडे, अशी शपथ आहे. आणि पहिला, सगळ्यांत चांगला वाटा मालकाच्या दगडावर ठेवून जायचा. तेतेंनीच सांगितलंय मला. गेली तीस वर्षं कोणी ठेवलाच नव्हता.”

“थांब थांब,” सेली म्हणाली. “चोर कधी वाटा ठेवून जातो का?”



“नाही जात,” मिंचे हळूच म्हणाली. “त्यांना खाडी खुली वाटली. कारण तेव्हा पश्चिमेच्या खांबावर झापच नव्हतं! ते त्याच बाजूने येतात.”

“मग काढलं कोणी?”

गुरुवार सगळा त्यातच गेला. लवंगांच्या राईत मिंचेने एकही झाड धड पाहिलं नाही. तेते संध्याकाळी दारात बसून खाडीच्या दिशेला बघत होते. रस्त्याने जाणारे ओळखीचे लोक मान खाली घालून जात होते. टोपलीचं सांगावं असं मिंचेच्या ओठावर आलं, पण पुरावा अर्धाच होता. अर्ध्या पुराव्याने म्हाताऱ्याला उगीच आशा लावायची? तिने जीभ चावली.

शुक्रवारी पावसाने नाच रद्द केला. ओम फ्रेत्स मुलांना पाहुणेघराच्या पडवीत फोटो दाखवत बसला.

“हे बघा, मागच्या महिन्यातले हॉलंडचे पाहुणे! काय स्वागत केलं होतं! बोट लवकर आली, अर्ध्या तासात कमान उभी केली मी. अर्ध्या तासात!”

कमानीच्या मधोमध एक लांब झाप लोंबत होतं. देठाला काहीतरी बांधलेलं होतं. निळं. चौकड्यांचं.

मिंचेच्या तोंडून आवाज निघणार तोच सेलीने तिच्या पायावर पाय दिला.

“ओम, पुढचे दाखवा ना,” सेली गोड आवाजात म्हणाली.

पुढच्या फोटोत पाहुणे होडीत हसत होते. त्यांच्या खांद्यामागे पश्चिमेचा खांब उभा होता, उघडाबोडका!

“ओम, तुमच्यासारखे फोटो आंबोनमध्येसुद्धा कोणी काढत नाही!” ओसेने तोंडभर स्तुती केली. “उद्या बैठकीला सगळं गाव जमणार. मोठ्या पडद्यावर दाखवा की! तुमचं काम गावाला कळायला नको?”

“खरंच म्हणतोस?” ओम फ्रेत्सने मिशीवरून बोट फिरवलं. “बापा राजांना विचारतो. बैठकीआधी थोडी करमणूक!”

शनिवारी दुपारी बायलेओत, म्हणजे गावच्या सभाघरात, मुंगीला शिरायला जागा नव्हती. तेते एकटेच एका कडेला बसले होते. त्यांच्या शेजारची जागा रिकामी ठेवून लोक दाटीवाटीने बसले होते. मिंचे सरळ जाऊन त्या जागेवर बसली.

कमानीचा फोटो पडद्यावर आला आणि तेते ताडकन उठले.

“ती पट्टी! ती माझ्या बायकोच्या सारोंगची पट्टी आहे!”

“पुढचा फोटो, ओम,” सेली म्हणाली. ओमने सवयीने बटण दाबलं. उघडा खांब सगळ्या गावासमोर उभा राहिला.

एकच गलका झाला! ओसेने किल्ल्यावरून उचलून आणलेली टोपली नाक दाबून आत आणली. मिंचे उभी राहिली. प्लास्टिकच्या दोरीपासून टोपलीपर्यंत सगळं तिने सांगितलं.

“फ्रेत्स!” बापा राजा गरजले.

“पाहुणे दारात आले होते, कोवळं झाप कुठे शोधू? जवळच्या खांबावरचं घेतलं.” ओम फ्रेत्सचा चेहरा उतरला. “तीन दिवसांनी दुसरं बांधलंही! मला वाटलं, तीन दिवसांनी काय बिघडतंय?”

बापा राजांनी तिथूनच भाऊगावच्या मुखियाला फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा चढला, की पहिल्या रांगेला शब्द न् शब्द ऐकू आला. “आम्हीच आलो होतो! खांब मोकळा होता, वाटा दगडावर ठेवला. आणि तुमच्याकडून साधा निरोप नाही? भावाशी असं वागतात होय?”

कोणीतरी हसलं. मग माना खाली गेल्या. लाज वाटली होती.

“तेते, गावाचं चुकलं,” बापा राजा खाली उतरले आणि त्यांनी दोन्ही हातांनी काठी पुढे केली. “आम्ही मोठे लोक झाप बघून परतलो. या पोरांनी गाठ पाहिली. शाबास रे! राखणदाराची नात शोभतेस, मिंचे!”

टाळ्या वाजल्या. तेतेंनी मात्र काठी घेतली नाही.

“माझंही चुकलंय,” ते म्हणाले. “ते तीन दिवस मी तापाने पडून होतो. कोणाला कळवलं असतं, तर दुसरा माणूस खांब बघून आला असता. म्हातारा झाला, काठी काढून घ्या, असं म्हणतील या भीतीने गप्प बसलो.”

बापा राजांनी काठी पुन्हा पुढे केली. “तरीही घ्या.” तेव्हा कुठे तेतेंचा हात वर आला.

रविवारी बोटीआधी सगळं गाव पश्चिमेच्या खांबापाशी जमलं. खाडीत बोटाएवढी पिल्लं तेवढी उरली होती. ती वाढेपर्यंत, पुढची तीन वर्षं, पुन्हा सासी लागणार होती. शाळेचं छप्पर तोवर गळणार होतं. ओम फ्रेत्सने स्वतः कोवळं झाप तोडून आणलं होतं आणि तो मान वर करत नव्हता.

तेतेंनी खिशातून निळी पट्टी काढली.

“सारोंगची ही शेवटची,” ते म्हणाले. “गाठ तू मार.”

“तेते, तुम्ही मारा ना. तुमचा मान आहे.”

“मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे गं. ही गाठ तीन वर्षांनी सोडायची आहे. जो मारतो त्यानेच सोडायची असते.”

मिंचेला ते कळलं आणि तिच्या डोळ्यांपुढे खांब पुसट झाला. तिने पट्टी दोनदा गुंडाळली, दातांनी धरून करकचून आवळली. तेतेंनी गाठ अंगठ्याने चाचपून पाहिली.

“पक्की आहे,” ते म्हणाले.

बोट सुटली. कोणी काही विचारण्याआधीच ओसेने सोफीबाईंना हाक मारली, “बाई, तीन वर्षांनी सहल कुठे न्यायची, ते आजच कागदावर लिहून ठेवा!” मिंचे मागच्या कठड्याला धरून उभी होती. पावसात तेते दिसेनासे झाले, तरी निळा ठिपका तिला बराच वेळ दिसत होता.