राहणार किती जण?

"हात लावायचा नाही माझ्या मशीनला!"

थोरलीचा आवाज असा कडाडला, की शिवणाचं मशीन उचलायला वाकलेला धाकटा तसाच अर्धवट वाकलेला राहिला... दारातल्या भावजयीच्या हातातून पिशवी निसटली आणि बाहेर टेम्पोला टेकून उभा असलेला हमालसुद्धा उगीचच सावरून उभा राहिला.

"ताई, जड आहे गं ते. तुझी कंबर..."

"माझ्या कमरेची काळजी तू नको करूस! याच कमरेवर बसून लहानाचा मोठा झालास. तेव्हा तू जड नाही झालास तिला, मग आज मशीन होईल होय?"

धाकट्याने मान खाली घातली. त्याचे हात तिच्या नजरेसमोर आले, आणि तिला आणखीच संताप आला. छापखान्याच्या शाईने कायम काळी असणारी त्याची नखं आज कशी स्वच्छ, गुलाबी दिसत होती! साहेब झाला... नव्या घरात जायचं म्हणून घासून-पुसून तयार झाला! बहिणीला आयुष्यातून काढून टाकताना शाईसुद्धा काढून टाकली मेल्याने!

मशीन तिने शेवटी हमालाकडून उचलून घेतलं. परक्याचा हात चालला, पण ज्याला हाताला धरून चालायला शिकवलं त्याचा नको. विश्वासघात म्हणजे दुसरं काय असतं?

आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा थोरलीच्या वेण्यासुद्धा आईच घालायची, एवढं तिचं वय. शाळा सुटली ती सुटलीच. बापाच्या या घरात, पुढच्या खोलीत, तिने हे मशीन मांडलं. लोकांचे उसवलेले खिसे, घट्ट झालेल्या विजारी, झिजलेल्या कॉलरी... सारं गाव नवे कपडे घालून मिरवायचं आणि ती जुन्याला टाके घालत बसायची. एक स्थळ आलं होतं. कापडदुकानदाराचा मुलगा, चांगला होता, दोरा घ्यायला गेली की उगाच रिळं खाली पाडायचा. पण त्याची आई म्हणाली, "मुलगी पसंत आहे, मागचं शेपूट नको." मागचं शेपूट म्हणजे तापाने फणफणलेला धाकटा, आतल्या खोलीत निजलेला. थोरली म्हणाली, "मग मुलगीही नको!" आणि दार लावून घेतलं. त्या दारामागे ती किती रडली, ते फक्त त्या मशीनला ठाऊक.

असा वाढवलेला भाऊ! त्याला छापखाना काढून दिला, बायको करून दिली, त्याची लेक चिमी पहिल्या दिवसापासून आत्याच्याच कुशीत निजली. आणि त्याने...

झालं होतं असं. काही महिन्यांपूर्वी धाकटा तिच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "ताई, हे घर आता झेपत नाही. विकू या. तुझा निम्मा, माझा निम्मा वाटा आहे. एखाद्या सोसायटीत जागा बघू. फक्त मेंटेनन्स कमी हवा, आणि दुरुस्तीच्या नावाखाली मधेच एकदम मोठी वर्गणी मागणारे लोक नकोत."

बापाचं घर विकणं थोरलीच्या जिवावर आलं, पण 'बघू' म्हणाला ना तो? 'बघू' म्हणजे आपण सगळे! मग ती कामालाच लागली. भाजी घ्यायला जावं तशी सोसायट्या बघत फिरली. धाकटा आणि भावजय मागे, ही पुढे.

एका ठिकाणी फाटकापाशी टोपीवाला वॉचमन, आत बाग, कारंजं, पोहायचा तलाव. भावजय तलावाच्या कठड्याशी क्षणभर रेंगाळली. थोरलीने मेंटेनन्स विचारला आणि आकडा ऐकून कपाळाला हात लावला.

"तुला पोहता येतं का गं?"

"नाही, वन्सं."

"मग दुसऱ्यांच्या डुंबण्याचे पैसे आपण का भरायचे? चल!"

दुसऱ्या ठिकाणी मेंटेनन्स अगदी नावाला. तिथला माणूस मोठ्या ऐटीत म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांत एक पैसा वाढवला नाही." थोरली गच्चीवर चढली. भिंतीला ओल, टाकीला तडा, लिफ्ट कण्हत होती. ती खाली येऊन म्हणाली, "वाढवला नाही ते दिसतंच आहे! उद्या छप्पर डोक्यावर येईल तेव्हा एकदम मागाल." मेंटेनन्स कमी म्हणून हुरळून जाणाऱ्यातली ती नव्हती. शिलकीत काय आहे, छप्पर कधी केलं, नळ कधी बदलले, सगळं खोदून खोदून विचारायची. आणि सगळीकडे तिचा पहिला प्रश्न ठरलेला:

"मेंटेनन्स घरामागे, की माणसामागे? आमच्याकडे माणसं चार आहेत, आधीच सांगते!"

लोक हसायचे. धाकटा मात्र दर वेळी दुसरीकडे बघायचा. ते तिला तेव्हा कळलं नाही...

अखेर बस डेपोपलीकडे मनासारखी सोसायटी सापडली. लिफ्ट नाही, बाग नाही, टोपीवाला नाही. जिना रहिवासी पाळीपाळीने धुतात. छप्पर नुकतंच नवं झालेलं, त्याची मोठी वर्गणी आधीच्या मालकांनी भरून टाकलेली, वर शिलकीतही पुरेसं. "मेंटेनन्स घरामागे," कपाळावर चष्मा चढवलेला सेक्रेटरी म्हणाला. "आत चार राहा नाहीतर दहा!"

पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर रिकामं होतं. सेक्रेटरीच्या खोलीच्या खिडकीतून त्या घराची गॅलरी दिसत होती. थोरली खिडकीशी उभी राहून मनातल्या मनात संसार मांडत होती. मशीन त्या उजेडात, चिमीचं टेबल त्याच्या शेजारी, म्हणजे अभ्यासावर नजर राहील... पाठीमागे धाकटा हळू आवाजात काहीतरी बोलत होता. तळमजल्यावरची एक खोली, असं काहीसं. मग सेक्रेटरीचा आवाज आला:

"राहणार किती जण?"

"एक."

"एक म्हणजे?"

"माझी बहीण. एकटीच राहील ती."

हे देवा! थोरलीने खिडकीचा गज घट्ट धरला. स्वस्त घर, कमी मेंटेनन्स, मधेच फटका नको, ही सगळी पायपीट तिच्यासाठी होती! तिला एकटीला परवडावं म्हणून! स्वतःच्या हद्दपारीची जागा ती स्वतःच भाव करून, टाकीत डोकावून, जिने चढून शोधत होती! ती काही बोलली नाही. तिच्यासारख्या बाईने न बोलणं म्हणजे काय, ते धाकट्याला कळायला हवं होतं. तिने खोलीच्या कागदांवर वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली आणि एकटीच बसने घरी आली.

त्यानंतर सामान बांधेपर्यंत ती भावाशी जेवढं बोलली, ते सगळं बोचेल असंच बोलली. "जा, जा तुमच्या तलावाच्या घरात! तुझ्या बायकोची नजर तिथेच अडकली होती. म्हातारीची खाट तिथल्या कारंज्याला शोभली नसती!" भावजय रडायची. धाकटा एकदाही 'नाही' म्हणाला नाही. आणि जो 'नाही' म्हणत नाही त्याच्याबद्दल म्हटलेलं खरंच असतं, असं थोरलीला वाटलं.

नव्या खोलीत मशीन खिडकीखाली लागलं. शेजारणी बऱ्या होत्या, गिऱ्हाईकंही मिळाली. घराला कशाची भीती नव्हती, ना गळतीची, ना एकरकमी वर्गणीची... फटका बसायचा तो घराला नव्हे, काळजाला बसला होता. धाकटा येऊन दार वाजवून गेला, तिने उघडलं नाही. भावजयीचा फोन वाजून वाजून थांबला. रात्री कूस बदलली की हात सवयीने चिमीला चाचपायचा, आणि गार चादरीवर पडायचा.

एके दिवशी कपड्यांच्या गाठोड्यात चिमीचा शाळेचा झगा हाती लागला. आखूड झाला म्हणून खालची दुमड सोडायला घेतलेला, तसाच राहिलेला. थोरलीने तो मशीनवर घेतला, बाजूला ठेवला, पुन्हा घेतला. भाऊ बेइमान निघाला, पण लेकराने काय केलं होतं? आखूड झगा घालून शाळेत जात असेल... तिने दुमड सोडली, टीप मारली, इस्त्री केली आणि निघाली. मनाशी पक्कं ठरवून, की तलावाच्या सोसायटीच्या फाटकापाशी टोपीवाल्याच्या हातात द्यायचा. त्या घराच्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही!

टोपीवाल्याने नाव ऐकलं आणि मान हलवली. "असं कुटुंब इथे नाही, बाई."

"नीट बघा. छापखानेवाले. बायको बारीक आहे, सारखी रडते."

"नाही हो. या वर्षी इथे नवीन कुणीच आलेलं नाही."

थोरली कारंज्याकडे बघत राहिली. मग गेले कुठे? काळजात कसलीशी भीती शिरली. ती तडक छापखान्याकडे वळली.

शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत गेली आणि जागच्या जागी थिजली... यंत्रं नव्हती! जमिनीवर फक्त त्यांच्या पायांचे तेलकट चौकोन उरले होते. मागे, कागदाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, भिंतीशी गुंडाळलेली अंथरुणं. शाईचे डबे ठेवायच्या फळीखाली भावजय बारक्या स्टोव्हवर पातेलं ढवळत होती, आणि गठ्ठ्यावर वही ठेवून चिमी गणितं सोडवत होती.

"आत्या!" पोरगी धावत येऊन गळ्यात पडली. भावजय उठली आणि तोंडावर बाही दाबून मटकन खाली बसली.

"हे काय आहे गं? बोल! एरवी रडतेस, आता बोल!"

"वन्सं... यांचा छापखान्यातला भागीदार बुडवून पळाला. कर्जाला जामीन हेच होते. यंत्रं गेली. घराचा आमचा निम्मा वाटा त्यात गेला, तरी अजून फिटायचं आहे. तुमच्या वाट्याला तेवढा हात लावू दिला नाही यांनी. म्हणाले, ताईच्या नावाने असं घर घेऊ, की मी उद्या एक पैसा देऊ शकलो नाही तरी नुसत्या शिवणावर तिचा मेंटेनन्स निघेल. मधेच कुणी मोठी रक्कम मागायला येणार नाही. म्हणून तर तसलंच घर शोधत होतो..."

"आणि मला सांगायचं नाही? मी काय परकी?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही घर घेतलं असतं, वन्सं?"

खरंच होतं ते. नसतं घेतलं. सगळा वाटा त्याच क्षणी भावाच्या ओंजळीत ओतला असता, आणि तोही त्या खड्ड्यात गेला असता. तिचा स्वभाव तिच्या भावाला पुरता ठाऊक होता! म्हणून त्याने तिच्या शिव्या खाल्ल्या. म्हणून तो एकदाही 'नाही' म्हणाला नाही...

शटर खडखडलं. धाकटा आत आला, बहिणीला पाहून दारातच थबकला. थोरली उठली, जवळ गेली, आणि त्याचे दोन्ही हात उलटे करून बघितले. स्वच्छ, गुलाबी नखं. जिथे शाईच उरली नाही, तिथे हात काळे कसे होणार? अरे देवा... आणि आपण त्याला साहेब समजलो! तिला असा हुंदका फुटला, की त्या रिकाम्या छापखान्यात तो भिंतींवर आपटून परत आला.

"ताई... रडू नकोस गं. तुझ्यासाठी मी आजवर काहीच केलं नव्हतं. एवढं तरी करू दे म्हटलं..."

"गाढवा!" थोरलीने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तोच हात मग पाठीवरून फिरवला. "छप्पर दिलंस आणि त्याखालची माणसं काढून घेतलीस! असं घर घेऊन मी काय करू, त्याच्या भिंतींना टाके घालू?" मग तिने बाहीने डोळे पुसले, आणि आवाज एकदम पूर्वीचा झाला. "चिमे, वह्या उचल. आणि तू गं, तो स्टोव्ह विझव. काय शिजतंय ते तिकडे जाऊन शिजेल."

"ताई, एकच खोली आहे ती! चौघं कसे..."

"तू लहान होतास तेव्हा आपण याहून मोठ्या जागेत कधी निजलो? दोनच खोल्या होत्या, त्यातली एक गिऱ्हाइकांची! उचल अंथरूण."

संध्याकाळी हातगाडी सोसायटीच्या दाराशी थांबली. सेक्रेटरीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. अंथरुणं, पातेली, वह्या, एक बाई, एक पुरुष, एक पोरगी.

"बाई, हे काय? राहणार एकजण, असं सांगितलं होतं ना?"

"मी सांगितलं नव्हतं!" थोरली पायरीवरच उभी राहिली. "आणि मेंटेनन्स घरामागे, माणसामागे नाही. चार राहा नाहीतर दहा. हे कुणी सांगितलं होतं, सेक्रेटरीसाहेब? जिना धुवायच्या पाळीला उद्यापासून आमच्याकडून तिघं मोठी माणसं येतील. तुमचा फायदाच आहे."

सेक्रेटरी हसून बाजूला झाला.

आत आल्यावर चिमीने नव्याने लांब केलेला झगा अंगाला लावून पाहिला. भावजयीने अंथरुणं सोडली आणि गोंधळून उभी राहिली. खरोखरच कुठे जागा नव्हती; खिडकीखालचा सगळा उजेड आणि सगळी जमीन त्या मशीनने अडवली होती. धाकटा ओशाळून भिंतीला टेकला होता. हात मागे बांधून, कशालाही हात न लावता.

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. "त्या माणसाला तू 'एक' म्हणालास. ते मी मरेपर्यंत विसरायची नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"नको विसरूस, ताई."

"विसरत नाहीच." मग तिने मशीनवरचं झाकण नीट बसवलं आणि बाजूला झाली. "उभा काय राहिलास? धर ते तिकडून. कोपऱ्यात सरकव. इथे तुमचं अंथरूण पडेल."