सफरचंदाची खाप

पैसे देण्याआधीच वल्लरीने पर्समधून चाकू काढला आणि सफरचंद उभं कापलं.

"अहो मॅडम, खाप काढून दाखवतात ती कलिंगडाची," वारज्याच्या फळांच्या गाळ्यावरचा तरुण ऋषी म्हणाला. "सफरचंदाची नाही."

"मग आजपासून सुरू करा." तिने फोड त्याच्यापुढे धरली. वरून लालचुटुक, आत चक्क तपकिरी.

ऋषीचा चेहरा खर्रकन उतरला. घरच्या जमिनीवर त्याने हौसेने शीतगृह बांधलं होतं, आणि त्यातला हा पहिलाच माल! वल्लरी मात्र खुशीत होती. साठवलेली सफरचंदं आतून का काळवंडतात, याच विषयावर तिचं संशोधन चाललं होतं.

"खोली घट्ट बंद ठेवता ना?"

"म्हणजे काय! गारवा जाईल की."

"फळं श्वास घेतात हो. कोंडलंत तुम्ही त्यांना. त्यात ही थंड, पावसाळी हंगामातली, उशिरा तोडलेली... आधीच नाजूक. ती एकदम गारठवायची नसतात. हळूहळू."

"आमच्यात सगळं एकदमच असतंय," तो हसला. हसला की बरा दिसायचा.

पैज लागली. नवा माल दोन खोल्यांत ठेवला. एक त्याच्या पद्धतीने, एक तिच्या. दर रविवारी ती कर्वेनगरहून स्कूटरवर यायची. तो शीतगृहाच्या दारातच तिच्यासाठी आपलं जर्किन घेऊन उभा असायचा. आत दोघांच्या तोंडातून वाफा निघायच्या. तो काहीतरी बोलायला जायचा आणि... "चहा सांगू?" एवढंच विचारायचा. त्या चहाचा वल्लरीला वीट आला होता. माणूस मात्र आवडला होता, अगदी मनापासून.

जानेवारीत तिला शिमल्याच्या बागांमधलं काम मिळालं, दोन वर्षांसाठी. शेवटच्या रविवारी तिने दोन्ही खोल्यांतली फळं कापली. त्याची तपकिरी. तिची पांढरीशुभ्र.

"हरलो," ऋषी म्हणाला. "मागा, काय हवं ते."

"खरं सांगा. इतके रविवार चहाऐवजी काय विचारायचं होतं?"

"तुम्ही निघालात... आता कशाला अडवू—"

"अडवू नका. विचारा."

"लग्न कराल माझ्याशी?"

"अगंबाई! एकदम?"

"आमच्यात..."

"माहितीये." तिला हसू आवरेना. "करीन. पण आधी तोडणीच्या वेळी तिकडे यायचं. फळ झाडावर कसं वाढतं, ते शिकायचं. कबूल?"

"उद्याच निघतो!"

"तोडणी ऑगस्टमध्ये असते हो," वल्लरी म्हणाली आणि जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आणि हे मी घेऊन चाललेय. तिकडे थंडी फार."