आत एकजण

प्रयोगशाळेतल्या एका खोलीत खोटं स्वयंपाकघर मांडलेलं होतं. ओटा, बेसिन, टेबल, दोन खुर्च्या. माणसं आत जाऊन कप उचलत, कप ठेवत. बाहेर कॉरिडॉरमध्ये काचेशेजारच्या पडद्यावर यंत्र सांगे, आत किती जण आहेत आणि काय करताहेत. कॉरिडॉरलाही कॅमेरा होता. तिथली मोजणी पडद्याच्या तळाशी यायची.

यंत्राचे दोन भाग होते. एक बघून बघून शिकलेला. त्याला सगळे ‘नजर’ म्हणत. तो भाग इथल्याच एका इंजिनिअरने वाढवला होता. दुसऱ्यात जगाचे साधे नियम होते. कप उपडा केला की चहा सांडतो. माणूस एका वेळी एकाच जागी असतो. ते त्याच्या बायकोने एकेक करून लिहिले होते, लहान मुलाला शिकवावं तसे. दोन्ही भागांचं पटलं नाही की यंत्र थांबायचं आणि माणसाला विचारायचं. “घरातही असंच चालतं,” ती म्हणायची, “फक्त थांबत कुणी नाही.”

ती त्याच खोलीत कोसळली आणि गेली.

तो पुन्हा कामावर आला तेव्हा खोली रिकामी होती. नजर सांगत होती, आत शून्य. नियम सांगत होते, आत एकजण.

साहेब वैतागले. “रिकाम्या खोलीत ज्याला माणूस सापडतो तो भाग हवाय कशाला? उद्यापर्यंत सुधारा, नाहीतर नियम पुसून टाका. नजर पुरे आहे.”

तिचे कपडेही कुणी कुणी नेले होते. नियम तेवढे उरले होते.

त्यांत हात घालता येईल असा दुसरा एकच माणूस होता: त्याचा मेहुणा. तोही तिथेच कामाला, आणि बहीण गेल्यापासून नजरेला नजर देत नव्हता.

“तू काही केलंस यात?”

“दाजी, सख्ख्या बहिणीची थट्टा करेन मी?”

“मग भुताने केलं?”

मेहुण्याने पडद्याकडे तोंड फिरवलं. तेही त्याला खटकलं.

शेवटी त्याने यंत्रालाच कारण विचारलं. नियमांना कारण देता यायचं. पडद्यावर आलं: आत आली. चालत बाहेर गेली नाही. म्हणून आत आहे.

कॉरिडॉरमध्ये ते दोघंच होते; बघतच राहिले. तिला स्ट्रेचरवरून नेलं होतं. कुणीतरी सामान नेतंय, असं यंत्राने धरलं होतं.

मेहुणा हसला. “माणसांना उचलूनही नेतात, हे ताई लिहायला विसरली.”

ते नवऱ्याने स्वतः लिहिलं. मग आणखी एक ओळ: ही व्यक्ती मरण पावली आहे. बोटं जड झाली होती, पण लिहिली.

नियम म्हणाले, आत शून्य.

त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात नजरेचा आकडा बदलला. आत एकजण.

नजरेला नावं ठाऊक नव्हती, मरण ठाऊक नव्हतं. दिसेल ते सांगायचं, एवढंच तिला येत होतं. जिथे दिसतंय तिथे ती पडद्यावर पिवळी चौकट काढायची. चौकट खिडकीकडच्या खुर्चीभोवती होती. काचेतून ती खुर्ची रिकामी दिसत होती. उन्हात धूळ तरंगत होती.

त्याने मेहुण्याकडे पाहिलं. “हात खिशातून काढ.”

त्याने काढले. रिकामे होते.

यंत्र थांबलं. विचारलं: बरोबर कोण? नियम की नजर?

नजर म्हणावं तर नियम उद्या पुसले जाणार. नियम म्हणावं तर...

त्याने पुन्हा काचेतून बघितलं नाही. बोट ‘नियम’वर ठेवलं.

चौकट विझली. आत शून्य.

पडद्याच्या तळाशी आकडा हलला.

कॉरिडॉर: तीन.

नियम आणि नजर, दोघांचं एकमत होतं. म्हणून यंत्राने काही विचारलं नाही.

शेजारी मेहुणा भिंतीकडे सरकला, कुणाला वाट द्यावी तसा.

“का सरकलास?”

“सरक म्हणालात ना तुम्ही?”

त्याने तोंडही उघडलं नव्हतं.