शून्य पाऊस आणि ओले मोजे

"बस सुटायला वीस मिनिटं उरलीत आणि माझे मोजे अजून ओलेच!" गुंडी किंचाळली.

मामा जंगलातून जाणारी बस चालवायचा. सुट्टीला आलेली त्याची भाचरं, म्हणजे ताई, चष्मिश आणि धाकटी गुंडी, आज त्याच्याच बसने मावशीकडे निघाली होती. खालच्या रस्त्याने दोन तास, आणि वाटेत माकडंच माकडं! वरचा रस्ता सहा तासांचा, नुसता कंटाळा.

स्थानकातल्या फळ्यावर लिहिलं होतं : 'पाच दिवसांत पाऊस शून्य. खालचा रस्ता सुरू.'

"शून्य?" चष्मिश उडालाच. "काल दुपारी आपण चिंब भिजलो की!"

"परवासुद्धा!" गुंडीने मोजे पिळून दाखवले.

"मामी म्हणतेच, इथे कोरड्या महिन्यांतही जंगल बरसतं," ताई म्हणाली. "चला, पर्जन्यमापक बघू!"

अंगणातला चौथरा रिकामा! पर्जन्यमापक सापडला पडवीत, पत्र्याखाली, फळा लिहिणाऱ्या कारकूनकाकांच्या खुर्चीला खेटून. तोंडावर कोळ्याने ऐसपैस जाळं विणलं होतं.

"काका, हा छपराखाली कसा?" ताईने विचारलं.

"मग? भिजत जाऊन सर्दी कोण ओढवून घेणार? नोंद मात्र रोज आठच्या ठोक्याला करतो हं! पोरांनी नाक खुपसू नये."

तिकडे मामाने इंजिन सुरू केलं. तो आठवडाभर शहराच्या फेऱ्या करून पहाटेच परतला होता. त्याचा विश्वास फळ्यावर. बसमध्ये तीस माणसं! खालच्या रस्त्यावरच्या पुलाखालचा ओढा फुगला असेल तर?

ताईने बसच्या दारात उभं राहून मोठ्याने विचारलं, "काका, तुम्हीही चला ना! खालचा रस्ता ठणठणीत कोरडा आहे ना?"

"मी? छे छे! ओढ्याला कमरेएवढं पाणी असेल..." काकांनी जीभ चावली.

मामाने खाडकन इंजिन बंद केलं. तेवढ्यात खालच्या रस्त्याने चिखलाने बरबटलेला लाकडांचा ट्रक आला.

"पुलावरून पाणी वाहतंय!" ट्रकवाला ओरडला. "कसाबसा माघारी फिरलो!"

मामाने तिघांनाही कवेत घेतलं. "शाब्बास रे पोरांनो! आज तुम्ही मला वाचवलंत."

काका खाली मान घालून पर्जन्यमापक चौथऱ्यावर ठेवायला निघाले आणि नेमकी सर आली. छत्री पडवीतच राहिली होती!

मामाने फळा पुसला आणि गुंडीचे मोजे त्याच्या खिळ्याला अडकवले. "काका, उद्यापासून आकडा लिहिण्याआधी हे चाचपून बघायचे!"

सहा तासांच्या रस्त्याने बस निघाली. गुंडी अनवाणीच, पण सगळ्यांत पुढच्या सीटवर!